एक कॉपी माहेरी

एक साधा प्रश्न विचारते, खरंखरं उत्तर द्या हं! तुमचे फोटो कुठे आहेत? कॉलेजच्या ट्रिपचे, बहिणीच्या लग्नाचे, पिल्लाच्या पहिल्या वाढदिवसाचे, आजोबांच्या पंच्याहत्तरीचे... सगळे?

हा प्रश्न मी येताजाता लोकांना विचारत असते. आणि बहुतेक वेळा मोठ्या अभिमानानं एकच उत्तर येतं, "अगं, हार्ड डिस्कवर टाकलेत ना! बॅकअप आहे आपला."

"आणि लॅपटॉपवर?"

"तिथनं उडवले. जागाच नव्हती."

"मोबाइलवर?"

"तिथनंही उडवले. म्हणून तर हार्ड डिस्क घेतली!"

मंडळी, सगळी गोची इथेच आहे. याला बॅकअप म्हणत नाहीत. याला सामान हलवणं म्हणतात. हॉलमधला सोफा उचलून बेडरूममध्ये नेला म्हणून घरात दोन सोफे होत नाहीत. एकच असतो, फक्त तो आता दुसऱ्या खोलीत असतो. आणि त्या खोलीत पाणी शिरलं की सोफा गेला!

बॅकअप म्हणजे मूळ वस्तू गेली तरी आपल्या हातात उरते ती दुसरी प्रत. डिस्क कितीही महागाची असो, चकचकीत असो, लेदर पाऊचमध्ये असो, तिच्यावर जे आहे ते जगात दुसरीकडे कुठेही नसेल, तर तो बॅकअप नाही. ती ओरिजिनल आहे. शेवटची. एवढी एक गोष्ट डोक्यात बसली की आजचा कॉलम वसूल. बाकीचं मी सविस्तर सांगतेच.

माळ्यावरचं म्युझियम

प्रत्येक घरात माळ्यावर किंवा टीव्हीखालच्या ड्रॉवरमध्ये एक छोटंसं म्युझियम असतं. आमच्याकडेही आहे. त्यातली सगळ्यात ज्येष्ठ सभासद म्हणजे साडेतीन इंची फ्लॉपी. क्षमता फक्त १.४४ एमबी! आज मोबाइलनं काढलेला एक बरासा फोटोही त्यात मावायचा नाही. पण एके काळी अख्खं कॉलेज प्रोजेक्ट त्यात बसायचं आणि ‘सर, फ्लॉपी करप्ट झाली’ हे कारण सबमिशनच्या दिवशी हमखास चालायचं. १९९८ मध्ये अ‍ॅपलनं आयमॅकमधून फ्लॉपी ड्राइव्हच काढून टाकला तेव्हा लोकांनी नाकं मुरडली होती. पुढे २०११ च्या मार्चमध्ये सोनीनं जपानमधली फ्लॉपीची विक्री थांबवली. साडेतीन इंची फ्लॉपी जन्माला घातली होती ती याच सोनीनं!

मग सीडी आली. ७०० एमबी! म्हणजे एका सीडीत पाचशेच्या आसपास फ्लॉप्या. काय थाट होता राव तिचा! ‘नीरो’ उघडायचं, ‘बर्न’ दाबायचं आणि देवाचं नाव घेत बसायचं. मध्येच लाइट गेली की सीडी बाद. मग ती गावाकडे शेतात, पाखरं हुसकायला. पाठोपाठ डीव्हीडी, ४.७ जीबीची. २००० साली पेन ड्राइव्ह बाजारात आला. पहिल्यावहिल्या पेन ड्राइव्हची क्षमता होती ८ एमबी. आठ! तरी लोक तो गळ्यात अडकवून मिरवायचे.

आणि आता खिशात मावणारी एक टीबीची हार्ड डिस्क. साडेतेराशेहून जास्त सीडींचा ऐवज एका डिस्कमध्ये. म्हणजे पूर्वी एक सीडी हरवली तर एक ट्रिप जायची. आता एक डिस्क हरवली तर पंधरा वर्षं जातात.

या म्युझियमचा धडा काय? तर यातल्या प्रत्येक वस्तूवर आपण एके काळी ‘आता कायमचं झालं’ असं म्हणून विश्वास टाकला होता. वस्तू मोडली तरच ती मरते असं नाही. तिला वाचणारं यंत्र घरातून गेलं तरी ती मेलीच. आजच्या बहुतेक लॅपटॉपला सीडी घालायची फटच नाही. २०२५ च्या फेब्रुवारीत सोनीनं रेकॉर्ड करता येणाऱ्या ब्लू-रे डिस्कचं उत्पादनही थांबवलं. म्हणजे डिस्कची ही अख्खी जातच हळूहळू माळ्यावर चालली आहे.

कोण कशानं जातं

आता जरा पत्रिका बघू या. प्रत्येकाचा मृत्युयोग वेगळा आहे.

घरी बर्न केलेली सीडी : हिच्यात एक रंगाचा, म्हणजे डायचा थर असतो. लेझर त्या थरावर खुणा करतं आणि त्या खुणा म्हणजे तुमची फाइल. हा रंग ऊन, उष्णता आणि दमट हवेनं हळूहळू उतरतो. त्यात आपला पावसाळा! आणखी एक गंमत सांगते. आपण सगळे सीडीची चमकणारी खालची बाजू जपायचो. पण सीडीत डेटाचा थर असतो वरच्या, लेबलच्या बाजूला, लॅकरच्या एका पातळ लेपाखाली. आणि नेमकं तिथेच आपण बॉलपेन दाबून लिहायचो, ‘गोवा ट्रिप – ओरिजिनल’! डीव्हीडीत हा थर दोन प्लॅस्टिकच्या चकत्यांच्या मध्ये असतो, म्हणून ती त्या बाबतीत जरा सुखी.

पेन ड्राइव्ह आणि मेमरी कार्ड : यांच्यात फिरणारं काही नाही, त्यामुळे पडले तरी सहसा जगतात. यांच्यात फाइल म्हणजे सूक्ष्म कप्प्यांमध्ये कोंडलेला विजेचा चार्ज. तो वर्षानुवर्षांत हळूहळू गळतो, गरम जागी जास्त लवकर. शिवाय प्रत्येक वेळी लिहून-पुसून हे कप्पे झिजतात. हल्लीची पोर्टेबल एसएसडीही याच कुळातली, फक्त जास्त शिकलेली. म्हणून पेन ड्राइव्ह हा निरोप्या म्हणून उत्तम. इकडची फाइल तिकडे पोचवेल. पण त्याला तिजोरी करू नका.

आणि हो, ऑनलाइन कधी कधी ‘२ टीबी पेन ड्राइव्ह’ पाचसहाशे रुपयांत दिसतो ना? हात जोडून सांगते, घेऊ नका. असल्या ड्राइव्हमध्ये चिप असते छोटीशी आणि कम्प्युटरला मात्र थाप मारलेली असते, ‘मी दोन टीबी!’ तुम्ही कॉपी करत राहता, तो ‘हो हो’ म्हणत राहतो. खरी जागा भरली की पुढचा माल एक तर जुन्यावर चढतो, नाही तर हवेत जातो. फाइलींची नावं दिसतात, उघडत एकही नाही. नवीन ड्राइव्ह घेतलात की आधी बिनकामाच्या फाइलींनी तो काठोकाठ भरा आणि शेवटच्या फाइली उघडून बघा. हेच काम करणारं ‘एच२टेस्टडब्ल्यू’ नावाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं.

पोर्टेबल हार्ड डिस्क : पैशाच्या मानानं सगळ्यात ऐसपैस. पण आत एक चकती गरागरा फिरत असते आणि तिच्यावरून वाचणारं ‘हेड’ तरंगत असतं. दोघांमधलं अंतर केसाच्या जाडीच्या हजाराव्या भागाहूनही कमी! अशात डिस्क चालू असताना टेबलावरून पडली, की हेडनं चकती खरवडलीच म्हणून समजा. ‘टक्... टक्...’ असा आवाज यायला लागला तर लगेच केबल काढा, पुन्हा पुन्हा लावून बघू नका. डेटा परत मिळवून देणाऱ्या लॅब आहेत, पण बिल हजारांत येतं आणि गॅरंटी कुणीच देत नाही.

थोडक्यात काय, तर यात अमर कुणीच नाही. त्यामुळे ‘सगळ्यात टिकाऊ कुठली घेऊ?’ हा प्रश्नच चुकीचा आहे. विचारायचं ते असं, ‘ही गेली तर दुसरी कुठे आहे?’

‘बाबा – २००७’

दोनेक वर्षांपूर्वी ऑफिसातला एक सहकारी माझ्या टेबलापाशी आला. एरवी हा माणूस क्रिकेटशिवाय काही बोलत नाही. पण त्या दिवशी खुर्ची ओढून गप्प बसला आणि बॅगेतून एक सीडी काढली. वर निळ्या बॉलपेननं लिहिलेलं, ‘बाबा – २००७’.

त्याचे वडील तालुक्याच्या गावी मास्तर होते. रिटायर झाल्यावर यानं हट्टानं त्यांना माइकसमोर बसवलं होतं. त्यांच्या लहानपणच्या गोष्टी, विहिरीत पोहायला शिकल्याचा किस्सा, पहिल्या नोकरीच्या गावाला बैलगाडीतून गेल्याची हकिगत. अशी एकूण चौदा रेकॉर्डिंग्ज. तेव्हाचा कम्प्युटर लहान, म्हणून ती सीडीवर टाकली आणि कम्प्युटरवरची काढून टाकली. सोफा बेडरूममध्ये! पुढे वडील गेले. लेक पाचवीत गेली आणि एक दिवस म्हणाली, "आजोबांचा आवाज कसा होता?" तेव्हा यानं सीडी शोधून काढली. लागेना.

मी तीन वेगवेगळे ड्राइव्ह लावून बघितले. प्रत्येक ड्राइव्हची नजर जरा वेगळी असते, एकाला जे दिसत नाही ते दुसऱ्याला दिसू शकतं. मग ‘डीडीरेस्क्यू’ नावाचा फुकट मिळणारा प्रोग्रॅम रात्रभर चालवला. तो आधी जे सहज वाचता येतं ते उचलतो आणि मग खराब भागाशी परत परत झुंजतो. चौदातली नऊ रेकॉर्डिंग्ज पूर्ण मिळाली. दोन अर्धवट. तीन गेली ती गेलीच.

अर्धवटपैकी एक विहिरीची गोष्ट होती. मास्तर सांगताहेत, ‘आणि मग अण्णानं मला वरून...’ आणि बस्स. पुढे खरखर. अण्णानं ढकललं, की दोर टाकला, की स्वतः उडी मारली, हे आता सांगणारं कुणी नाही. माझा हा क्रिकेटवेडा सहकारी हेडफोन लावून ते वाक्य तीनदा ऐकत बसला होता.

२००७ साली कोऱ्या सीडीची किंमत चहा-बिस्किटाएवढी होती. आणखी दोन सीडी बर्न करून एक काकांकडे आणि एक आत्याकडे ठेवली असती, तर आज विहिरीची गोष्ट पूर्ण असण्याची शक्यता कितीतरी जास्त होती. हे मी त्याला बोलले नाही. तुम्हाला सांगते आहे.

तीन, दोन, एक...

फोटोग्राफर मंडळींमध्ये एक नियम आहे, तीन-दोन-एक. पीटर क्रोग या अमेरिकन फोटोग्राफरनं तो लोकप्रिय केला. नियम पाठांतराला अगदी सोपा : प्रती तीन, माध्यमं दोन प्रकारची, आणि त्यातली एक प्रत घराबाहेर.

म्हणजे कसं? एक प्रत तुमच्या लॅपटॉपवर, रोजच्या वापरातली. दुसरी हार्ड डिस्कवर, घरातल्या कपाटात. आणि तिसरी दुसऱ्या जातीच्या माध्यमावर, म्हणजे एसएसडीवर वगैरे, आणि दुसऱ्या छपराखाली.

आता तुम्ही म्हणाल, दुसऱ्या छपराचं एवढं काय? तर २६ जुलै २००५ आठवा. त्या दिवशी चोवीस तासांत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. आणि त्याच मुंबईत, कुलाब्याला? फक्त ७३ च्या आसपास! एकाच शहरातलं एक टोक बुडत होतं आणि दुसऱ्या टोकाला साधा पावसाळी दिवस होता. तळमजल्यावरच्या घरात कम्प्युटर आणि त्याची बॅकअप डिस्क एकाच टेबलावर असेल तर दोघं एकत्रच बुडणार. तीच डिस्क कुलाब्याच्या मावशीकडे असती तर? कोल्हापूर-सांगलीनं २०१९ मध्ये आणि चिपळूणनं २०२१ मध्ये हेच पाहिलं. आग, चोरी, शॉर्ट सर्किट... संकट घरात येतं तेव्हा ते खोली बघून येत नाही.

हॉलिवूडलाही हे कळलंय. १९९८ मध्ये ‘टॉय स्टोरी २’चं काम चालू असताना पिक्सारमध्ये कुणीतरी चुकून डिलीटची कमांड दिली आणि पडद्यावरची पात्रं एकामागून एक गायब व्हायला लागली. बॅकअप होता, पण तो बरेच दिवस नीट चालतच नव्हता आणि कुणी तपासलंच नव्हतं! सिनेमा वाचला तो गॅलिन सुसमन या टीममधल्या बाईंमुळे. त्या नुकत्याच बाळंतीण झाल्या होत्या, घरून काम करायच्या, म्हणून एक प्रत त्यांच्या घरच्या कम्प्युटरवर होती. तो कम्प्युटर पांघरुणात गुंडाळून गाडीतून ऑफिसात आणला म्हणे. अगदी बाळासारखा!

आपल्याकडे तर हे तत्त्व फार जुनं आहे. तुकोबांची गाथा इंद्रायणीत बुडाली, ती वर आली, ही श्रद्धेची गोष्ट आहेच. पण तिचा एक साधा अर्थही आपण लहानपणापासून ऐकत आलोय, की वह्या बुडाल्या तरी अभंग गावोगावच्या लोकांना पाठ होते. ओरिजिनल एका ठिकाणी आणि प्रती हजार तोंडी. याहून चांगला ऑफसाइट बॅकअप कुणी केलाय?

माझी तिसरी प्रत साताऱ्याला आहे. आईच्या कपाटात, पैठणीच्या खाली. (पैठणीला जेवढी जपणूक मिळते तेवढी जगातल्या कुठल्याच डेटा सेंटरला मिळत नसेल.) दिवाळीला जाताना नवीन भरलेली डिस्क घेऊन जायची, जुनी परत आणायची. पहिल्यांदा दिली तेव्हा आईनं ती उलटीसुलटी करून पाहिली आणि विचारलं, "अगं, हिला खायला-प्यायला काही लागतं का?" मी हसले खरी, पण प्रश्न बिनचूक होता. लागतं! कुठलीही डिस्क वर्षानुवर्षं नुसती पडून राहू नये. वर्षातून एकदा तरी जोडावी, चारदोन फाइली उघडून बघाव्यात. माहेर नसेल तर सासर, मित्राचं घर, बँकेचा लॉकर... लॉकरमध्ये सोन्याशेजारी सिलिका जेलच्या पुडीसकट एक डिस्क सहज मावते.

पण क्लाउड आहे ना!

आहे की. आणि चांगलाच आहे. घराबाहेरच्या प्रतीसाठी क्लाउड म्हणजे घरबसल्या सोय. पण तीन गोष्टी लक्षात ठेवा.

एक म्हणजे सिंक आणि बॅकअप यांत फरक आहे. सिंक म्हणजे आरसा. मोबाइलवर फोटो उडवला की आरशातूनही जातो. काही दिवस तो ‘ट्रॅश’मध्ये असतो, नंतर तिथूनही गायब. दुसरं, ‘फुकट’ला मुदत असते. गुगल फोटोजवरची अमर्याद फुकट साठवण १ जून २०२१ ला बंद झाली. आता १५ जीबी फुकट, तेही जीमेल आणि ड्राइव्ह धरून. शिवाय २०२३ पासून गुगलचा नियम असा, की दोन वर्षं वापरच नसलेलं वैयक्तिक अकाउंट काढून टाकलं जाऊ शकतं. आणि तिसरं म्हणजे पासवर्ड. अकाउंट कुणाचं, पासवर्ड कुणाला माहीत, आणि तो माणूसच नसला तर? जरा कटू आहे, पण घरात बोलून ठेवा.

म्हणून क्लाउड हवा, पण ‘एक’ म्हणून. ‘तीन’ म्हणून नाही.

आणखी एक. बॅकअपची डिस्क कायम लॅपटॉपला जोडून ठेवू नका. २०१७ च्या मे महिन्यात ‘वॉनाक्राय’नं जगभर धुमाकूळ घातला होता, आठवतंय? असले रॅन्समवेअर व्हायरस कम्प्युटरवरच्या फाइलींना कुलूप लावतात आणि जोडलेल्या डिस्कवरच्या फाइलींनाही. कपाटात निवांत पडलेल्या डिस्कला मात्र कुठलाच व्हायरस हात लावू शकत नाही.

फाइल आहे, अक्षरं कुठायत?

हा खास आपला मराठी प्रॉब्लेम, म्हणून वेगळा सांगते. समजा सगळं नीट जपलं. डिस्क लागली, फाइल उघडली. आणि समोर काय? इंग्रजी अक्षरं, कंस, स्वल्पविराम, डॉलरच्या खुणा... अगम्य!

युनिकोड सगळीकडे रुळण्याआधी आपण मराठी टाइप करायचो ते शिवाजी, किरण, श्रीलिपी, आकृती असल्या फॉन्टमध्ये. प्रत्येकाची चाल वेगळी. फाइलमध्ये मुळात इंग्रजी अक्षरांचेच कोड असायचे, फॉन्ट त्यांना देवनागरीचा मुखवटा चढवायचा. फॉन्ट गेला की मुखवटा गेला. कित्येक घरांत आईच्या कवितांचं हस्तलिखित, आजोबांचं टाइप करून घेतलेलं आत्मचरित्र, सोसायटीची जुनी इतिवृत्तं अशी अडकून पडली आहेत.

पुण्याच्या पेशवे दफ्तरात मोडी कागदांचे रुमालच्या रुमाल आहेत. कागद शाबूत, शाई शाबूत. पण वाचायला मोडी शिकलेला माणूस हवा. आपल्या फाइलींची तर तीसचाळीस वर्षांतच मोडी होते आहे! उपाय सोपा आहे. तो जुना फॉन्ट सापडतोय तोवरच फाइल उघडा, कन्व्हर्टरनं युनिकोडमध्ये आणा, आणि फॉन्ट आत घातलेली एक पीडीएफही करून ठेवा. वर एक प्रिंट काढलीत तर उत्तमच. कागद हेही रिमूव्हेबल मीडियाच की!

या रविवारचं काम

बास झालं तत्त्वज्ञान. रविवारी चहा घेऊन बसा आणि एवढं करा.

आधी निवडा. सगळंच जपायचं म्हटलं की काहीच जपलं जात नाही. डाउनलोड केलेले सिनेमे परत मिळतील. लायसन्स आणि आधार डिजिलॉकरमध्ये दिसतील. पण जे पुन्हा घडणार नाही ते आधी : आवाज, फोटो, व्हिडिओ, स्वतः लिहिलेलं. लग्नाचे फोटो स्टुडिओवाल्यानं मखमली डबीतल्या पेन ड्राइव्हवर दिलेत? ती डबी आजच उघडा. स्टुडिओकडे तुमचे फोटो जन्मभर नसतात.

मग कॉपी करा, हलवू नका. ‘कट-पेस्ट’ नाही, ‘कॉपी-पेस्ट’! डिस्क ‘एक्सफॅट’ पद्धतीनं फॉरमॅट केलेली असेल तर विंडोज आणि मॅक दोन्हीवर चालते. जुन्या ‘फॅट ३२’ला ४ जीबीहून मोठी फाइल झेपत नाही, म्हणून तर लग्नाचा व्हिडिओ अर्ध्यातच अडतो. पण फॉरमॅट केलं की डिस्कवरचं सगळं पुसलं जातं, तेव्हा ते कोऱ्या डिस्कवरच. रोज आपोआप कॉपी हवी असेल तर विंडोजमध्ये ‘फाइल हिस्टरी’ आणि मॅकमध्ये ‘टाइम मशीन’ आहेच, वेगळे पैसे न देता.

कॉपी झाली की ‘इजेक्ट’ करूनच केबल काढा. २०१८ पासून विंडोज यात जरा उदार झालंय, पण लिहिणं चालू असताना ओढलीत तर कुठलंच विंडोज वाचवणार नाही.

बाहेर जाणाऱ्या डिस्कला कुलूप लावा. पॅन आणि बँकेचे कागद असलेला ड्राइव्ह रिक्षात राहिला तर? विंडोज प्रोमध्ये ‘बिटलॉकर’ आहे, मॅकमध्ये सोय आहे, आणि ‘व्हेराक्रिप्ट’ फुकट आहे. फक्त किल्ली घरातल्या आणखी एका माणसाकडे असू द्या. नाही तर कुलूप एवढं चोख बसेल की तुमच्या मुलांनाही उघडणार नाही.

आणि तपासा! न तपासलेला बॅकअप म्हणजे नुसती समजूत, पिक्सारला विचारा. वर्षातून दोन तारखा धरा. एक दिवाळीची साफसफाई. दुसरी ३१ मार्च. २०११ पासून तो ‘वर्ल्ड बॅकअप डे’ म्हणून पाळला जातो. आपल्याकडे तो दिवस सीएच्या मागे धावण्यात जातो म्हणा, पण रात्री दहा मिनिटं काढा. कुठल्याही पाच फाइली उघडा. उघडल्या? झालं. पाचेक वर्षांनी डिस्क नवी घ्या आणि जुनीला तिसरी प्रत म्हणून बढती द्या.

शेवटचं, सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात विसरलं जाणारं काम : डिस्कवर एक चिठ्ठी चिकटवा. आत काय आहे, कधी भरली, किल्ली कुणाकडे. मार्करनं, स्वच्छ मराठीत. आणि ते स्वतःसाठी लिहू नका. वीस वर्षांनी एखादी मुलगी कपाट आवरताना ती डिस्क हातात घेईल आणि विचारेल, ‘हे काय आहे गं?’ तिला कळेल असं लिहा.

चला, भेटू या पुढच्या आठवड्यात. तोवर... कॉपी-पेस्ट!